डाव्या हाताचा घास

"तो डबा उचल इथनं, न्हायतर भिरकावीन," महिपती वस्ताद म्हणाले, आणि मी उचलायच्या आत त्यांनी तो भिरकावलाच.

डबा व्हरांड्याच्या पायऱ्यांवरून खणखणत खाली गेला. पातळ भात आणि मुगाची आमटी पायरीपायरीवर सांडत गेली. मी नुकतीच शाळेतून धावत आले होते, नर्सिंगच्या शाळेतून. चादरींच्या खोलीत उभ्या उभ्या विद्यार्थिनीचा निळा गणवेश उतरवून ड्युटीची पांढरी साडी नेसले होते, आणि टोपीची शेवटची पिन अजून माझ्या दातांतच होती. ती काढून मी म्हटलं, "झालं? का अजून काय भिरकावायचं राहिलंय?"

"तुलाबी भिरकावलं आसतं," ते म्हणाले. "पण उजवा हात न्हाय ना माझा."

एवढं बोलायलाही त्यांना वेळ लागला. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. पण शब्द समजत होते आणि रागाला तर काहीच झालं नव्हतं.

हे कोल्हापूरचं. मी रत्नमाला गुरव, वय एकोणीस. सहायक नर्सचा कोर्स करून एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात लागले होते. सहायक म्हणजे काय, तर सगळं करायचं आणि कशावरही सही करायची नाही. मला सही करणारी नर्स व्हायचं होतं. मेट्रन रणभिसेबाईंच्या मागे लागलागून मी मोठ्या कोर्सला नाव घातलं. सकाळी शाळा आणि दुपारी दोनपासून ड्युटी, अशी परवानगी त्यांनी ट्रस्टकडून काढून दिली, पण अट घालूनच. एकाही परीक्षेत नापास झाले तर शाळा बंद. मग जन्मभर सहायक.

शाळेतल्या बाई मला भर वर्गात म्हणायच्या, "गुरव, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो बरं का." मी शरीरशास्त्राच्या तासाला बसल्या बसल्या झोपायचे, म्हणून हे बोलणं. एकदा त्यांनी मला मांडीच्या हाडाचं नाव विचारलं तर मी झोपेत "आले सिस्टर, भांडं आणते" म्हणाले. पोरी महिनाभर हसत होत्या. हसोत बापड्या. त्यांच्या आया डबे घेऊन यायच्या, मी माझा डबा पहाटे उठून स्वतः करायचे.

तर हे वस्ताद. शहरातल्या एका जुन्या तालमीचे ते वस्ताद होते. लग्न केलेलं नाही, लंगोटाचे पक्के, तालमीच्या उंबऱ्याच्या आत कधी बाईमाणूस येऊ दिलं नाही. अशा माणसाला वॉर्डात जागा नव्हती म्हणून व्हरांड्यात खाट टाकून दिली होती, आणि उठवायला, बसवायला, पुसायला चोवीस तास आम्ही बायका. त्यांचे पठ्ठे रोज यायचे. खांदे दारात न मावणारी ती पोरं खाटेच्या पायथ्याशी हात बांधून उभी राहायची. मालिश करून घ्यायला वस्तादांची हरकत नव्हती. पण पठ्ठ्यांनी आणलेलं जेवण समोर ठेवलं की म्हणायचे, "ठेवा तितं. मागनं जेवतो. जावा तुमी, मेहनत चुकवू नका."

पोरं गेली की डबा शेजारच्या खाटेवर जायचा, नाहीतर पायऱ्यांवरून.

दूध तेवढं प्यायचे. ते डाव्या हाताने पेला धरून. जेवताना पाण्याचं भांडं डाव्या हातानेच धरतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण घास? डाव्या हाताने घास तोंडात घालायचा नाही, असं लहानपणापासून प्रत्येकाच्या हातावर फटके मारून शिकवलेलं असतं. तो हात कशासाठी असतो ते मी सांगायला नको. भरवून घ्यायलाही तयार नाहीत. बाईच्या हातून तर नाहीच, आणि पठ्ठ्याच्या हातूनही नाही. "ज्याला उभं राह्याला शिकीवलं, त्याच्याफुडं आ करून बसू व्हय?" असं एकदा बोलून गेले.

त्या दिवशी सांडलेलं पुसून मी वर आले तर मोठे डॉक्टर फेरीवर होते. त्यांनी वस्तादांचा दंड दोन बोटांत धरून बघितला. कातडी लोंबत होती.

"गिळता येतंय, तरी खात नाहीत," ते मेट्रनना म्हणाले. "आठवडाभर बघू. नाहीतर सोमवारपासून नाकातून नळी. ओढून काढली तर डावा हात खाटेला बांधा."

डॉक्टर पुढे गेले. वस्ताद भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी चादर सारखी करत होते तेव्हा म्हणाले, "पोरी, ह्यो हात बांधायच्या आदी मला घरी नेऊन टाकाय सांग."

मला त्यांचा रागच आला. दया यायला पाहिजे होती, पण आला रागच. दुपारचे तीन वाजत आले होते, पहाटेपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि हा माणूस अन्न पायऱ्यांवर फेकत होता.

"डाव्या हातानं खाल्लं तर काय हात झडतोय काय?" मी म्हटलं.

"तुला काय जातंय बोलाय? तू खाऊन दाखीव की."

"दाखवतो की!"

आमच्याकडे बायकाही अशाच बोलतात, येतो, जातो, दाखवतो. बोलून गेले खरी. वॉर्डात खायला आम्हाला बंदी होती, पण व्हरांडा म्हणजे वॉर्ड की नाही हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मी माझा डबा आणला, त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसले, उजवा हात पाठीमागे धरला आणि डाव्या हाताने भाकरी मोडायला गेले.

एका हाताने भाकरी मोडून बघा कधीतरी. ती नुसती फिरते. बोटांनी दाबली तर कडेने उडते. माझी उडाली आणि वस्तादांच्या पोटावर पडली. ती उचलून मी पुन्हा बसले. वांग्याच्या भाजीचा घास केला तो तोंडापर्यंत जाईपर्यंत निम्मा पदरावर. पांढऱ्या साडीवर मसाल्याचा डाग, आणि संध्याकाळी मेट्रनची फेरी.

वस्ताद बघत होते. पहिल्या घासाला गप्प, दुसऱ्या घासाला गप्प, तिसऱ्याला त्यांच्याने राहवेना.

"आगं खुळे, कोपर कुठं चाललंय तुजं? अंगाला लाव. कोपर सुटलं की कुस्ती सुटली."

मी कोपर अंगाला लावलं.

"आता मान फुडं घी. हात तोंडाकडं न्हाय आणायचा. तोंड हाताकडं न्ह्यायचं, निम्म्या वाटंवर. हां. आनी घाई कशाची? गाडी चुकाय लागलीय व्हय?"

घास तोंडात गेला. डाव्या हाताने खाल्लेला माझ्या आयुष्यातला पहिला घास. मला वाटलं, आता हे पण खातील. डब्यातला अर्धा भाग मी त्यांच्यापुढे सरकवला.

"मी न्हाय," ते म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

असं तो आठवडाभर चाललं. मी शाळेतून यायचे, साडी नेसायचे आणि व्हरांड्यात बसून डाव्या हाताने जेवायचे. वस्ताद शिकवायचे. भाकरीला ताटाच्या काठाचा टेकू कसा द्यायचा, भात बोटांनी आधी गोळा करून मग कसा उचलायचा, चमचा मुठीत न धरता पेन्सिलसारखा का धरायचा. हे त्यांना स्वतःला कधी करायला लागलं नव्हतं. पण अंगाचं गणित त्यांना कळत होतं, कुणाचं वजन कुठे पडतं आणि कुठे अडतं ते बघितल्याबरोबर सांगायचे. शिकवताना त्यांची जीभसुद्धा मोकळी व्हायची. माझं चुकलं की "थूत तुज्या!" म्हणून ओरडायचे आणि आसपासचे पेशंट हसायचे. एक दिवस मेट्रन मागे येऊन उभ्या राहिल्या.

"गुरव, हा काय तमाशा?"

"शिकतोय, बाई."

"शनिवारी प्रॅक्टिकल आहे तुझं. तिथे हे विचारणार आहेत का?" पण त्या ओरडल्या नाहीत. वस्तादांकडे एकदा बघून निघून गेल्या.

वस्तादांनी त्या गेल्यावर विचारलं, "शनवारी काय हाय?"

मी सांगितलं. बाहेरून परीक्षक येणार, चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत निघेल ते काम खऱ्या पेशंटवर करून दाखवायचं. नापास झाले तर शाळा बंद.

"मंग हितं काय बसलीयास भाकरीशी खेळत? जा, आभ्यास कर जा!"

"तुम्ही खा, जातो मग."

"मी न्हाय," ते म्हणाले.

आता एक सांगायला हवं. प्रॅक्टिकलचे पेशंट कुणी देव पाठवत नाही. मेट्रन आदल्या दिवशी गरीब स्वभावाचे, हूं की चूं न करणारे पेशंट हेरून ठेवतात आणि आम्ही पोरी त्यांना "मामा, उद्या तेवढं सांभाळून घ्या हं" म्हणून लाडीगोडी लावून ठेवतो. 'असहाय रुग्णास भरवणे' या कामासाठी एक शिंपीमामा ठरलेले होते. त्यांनी तर दगडसुद्धा खाल्ला असता. शनिवारी सकाळी शिंपीमामांना ताप भरला आणि त्यांना खाली हलवलं. आणि चिठ्ठी मी उचलली ती भरवण्याचीच.

मेट्रनचा चेहरा उतरला. भरवायचा दुसरा पेशंट त्या मजल्यावर एकच होता.

परीक्षक डिसले मॅडम सांगलीहून आल्या होत्या. उंच, कडक इस्त्रीची साडी, हातात गुणांचा कागद लावलेली पाटी. त्या खाटेपासून चार हातांवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुरू करा."

मी पुस्तकात होतं तसं सगळं केलं. हात धुतले. वस्तादांना उशांच्या आधाराने बसतं केलं, गळ्याखाली टॉवेल लावला. ताटात मऊ भात, वरण, वाटीत दुधीची भाजी. स्टूल ओढून बसले. वस्तादांनी हळू आवाजात विचारलं, "हीच व्हय ती बाई?"

"होय."

"मी न्हाई खाल्लं तर तू नापास?"

मी त्यांच्या गळ्याखालचा टॉवेल सारखा केला.

त्यांनी एकदा डिसले मॅडमकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग डोळे गच्च मिटले. "भरीव," ते म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.

मी चमचा भरला होता. तो त्यांच्या ओठांपासून वीतभर अंतरावर होता. एवढा मोठा माणूस, ज्याच्यापुढे उभं राहायला आडदांड पठ्ठे घाबरायचे, तो माझ्यासाठी तोंड उघडून बसला होता. मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या आणि मानेची शीर ताठ झाली होती. मार खायला बसलेलं पोर जसं बसतं तसं.

तो चमचा आत सारला की मी पास होते. हे मला लख्ख कळत होतं. आणि तितकंच लख्ख हेही कळत होतं की हा घास ते माझ्यासाठी खातील आणि पुन्हा कधीच खाणार नाहीत. या उघड्या तोंडाची लाज त्यांना इतकी वाटेल की सोमवारी नळीला ते ना म्हणणार नाहीत, हाताच्या दोरीलाही ना म्हणणार नाहीत. घरी न्या असंही म्हणणार नाहीत. नुसते पडून राहतील.

मी चमचा ताटात ठेवला.

"डोळे उघडा, वस्ताद."

त्यांनी उघडले. मी चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला आणि बोटं त्यावर मिटवली, पेन्सिलीवर मिटवतात तशी.

"आगं ये खुळे, तुझी परीक्षा..."

"माझं मी बघतो. तुम्ही कोपर अंगाला लावा."

मागे मेट्रन खोकल्या. त्यांचा खोकला मी ओळखत होते, तो सर्दीचा नव्हता.

"सगळी बघाय लागल्यात," वस्ताद पुटपुटले.

"बघू देत. आखाड्याच्या हौद्यात उतरल्यावर कोण बघतंय हे कुणी बघत नाही, असं तुम्हीच पोरांना सांगता की नाही?"

हे मी त्यांच्या पठ्ठ्यांकडून ऐकलं होतं. वस्ताद माझ्याकडे असे बघायला लागले की मला वाटलं आता ताट जातंय पायऱ्यांवरून. मी दोन्ही हातांनी ताट घट्ट धरलं आणि त्यांच्या छातीजवळ नेलं.

त्यांनी भात उचलला. पहिला चमचा टॉवेलवर सांडला. दुसरा मिशीत गेला. डिसले मॅडमनी घड्याळ बघितलं. मला हात पुढे करून मदत करायची इतकी ऊर्मी आली की ताटाचा काठ माझ्या बोटांत रुतला, पण मी केली नाही. फक्त म्हटलं, "घाई कशाची? गाडी चुकाय लागलीय व्हय?"

त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हलली. हसले ते. मग त्यांनी मान पुढे घेतली, तोंड निम्म्या वाटेवर नेलं, आणि तिसरा चमचा आत गेला.

चावले. गिळले. मी गळ्याकडे बघत होते, ठसका लागला नाही. मग चौथा. मग वरणात कालवून पाचवा. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला होता. वस्तादांच्या कपाळावर घाम आला, चादरीवर वरण सांडलं, टॉवेलाची दशा झाली, पण ताटातला भात कमी होत गेला. शेवटी त्यांनी चमचा ठेवला, टॉवेलाचं टोक डाव्या हाताने उचललं आणि मिशा पुसल्या.

"झालं तुमचं?" डिसले मॅडमनी मला विचारलं.

"होय, मॅडम."

"रुग्णाला भरवायचं होतं."

"होय, मॅडम."

"भरवलं कोणी?"

"त्यांनी स्वतः खाल्लं."

"मग तू काय केलंस?"

"मी ताट धरलं, मॅडम."

त्या पाटीवरच्या कागदाकडे बघत राहिल्या. "भरवण्याचे गुण मला देता येणार नाहीत. ते केलेलंच नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग का?"

काय सांगणार? आठवडाभराची गोष्ट त्यांच्या घड्याळात मावणारी नव्हती. मी म्हटलं, "मी दुपारी दोन ते आठ असते, मॅडम. बाकीच्या वेळी पण त्यांना भूक लागते."

डिसले मॅडमनी पाटीवरचा कागद उलटला. मग त्यांनी तोंडी प्रश्न सुरू केले, आणि ते थांबेचनात. रुग्णाला किती ताठ बसवायचं, ठसका लागला तर काय करायचं, कोणत्या गालात अन्न साठून राहतं, ते कसं बघायचं. एकेक विचारत होत्या आणि मी सांगत होते. शाळेत झोपत होते खरी, पण हे सगळं व्हरांड्यात जागेपणी बघितलेलं होतं.

त्या गेल्यावर मेट्रननी मला चादरींच्या खोलीत ओढलं. दार लावलं.

"त्यानं तोंड उघडलं होतं!" त्या म्हणाल्या. "गुरव, माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. तोंड उघडलं होतं त्यानं! घास टाकायचा आणि मोकळं व्हायचं!"

"होय, बाई."

"वर्ष घालवलंस बहुतेक."

"होय, बाई."

मग त्यांनी माझी वाकडी झालेली टोपी नीट केली, पिन काढून परत लावली, जरा जोरातच. "सोमवारची नळी काढून ठेवली असेल तर स्टोअरला परत पाठव," असं म्हणून त्या निघून गेल्या.

निकाल सव्वा महिन्याने लागला. पास झाले मी, काठावर. भरवण्याच्या रकान्यात भोपळा आणि तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी. प्रॅक्टिकलला वर्गात सगळ्यात कमी गुण माझे, आणि शाळेतल्या बाईंनी ते वाचूनही दाखवले. पण ते नंतरचं. मला सांगायचं आहे ते वस्ताद घरी गेले त्या दिवसाचं, निकालाच्या आधीचं. तेव्हा मला धास्तीने झोप नव्हती.

तोपर्यंत ते काठी घेऊन चार पावलं टाकायला लागले होते. त्यांना न्यायला सगळी तालीम आली होती. पायऱ्यांवर, अंगणात, जिकडेतिकडे पठ्ठे. सर्जेराव नावाचा त्यांचा थोरला पठ्ठा पेढ्यांचा पुडा घेऊन पुढे होता. वस्तादांनी पुडा खाटेवर ठेवायला लावला आणि मला हाक मारली.

"ये पोरी. हिकडं ये."

मी गेले. त्यांनी डाव्या हाताने पेढा उचलला. डाव्या हाताने कुणाला काही देऊ नये, त्यातून गोडधोड तर नाहीच, आणि हे सगळ्या पठ्ठ्यांसमोर चाललं होतं. सर्जेरावाला राहवलं नाही, तो "मी देतो, वस्ताद" म्हणत पुढे झाला. वस्तादांनी नुसतं बघितलं. तो जागच्या जागी थांबला.

"आ कर," वस्ताद मला म्हणाले.

"वस्ताद, निकाल लागायचाय अजून."

"तुजा लागंल तवा लागंल. माजा लागला. आ कर."

पठ्ठे बघत होते, पेशंट बघत होते, ड्युटीवर साधा चहा पिऊ न देणाऱ्या आमच्या मेट्रन दारात उभ्या होत्या. मी तोंड उघडलं. निम्मा पेढा माझ्या साडीवर पडला. मेट्रन मुद्दाम खिडकीकडे बघायला लागल्या. तोंड भरलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी तिथे रडले असते. रडलेच म्हणा.